पंखातलं एक सूत

माझ्या हातच्या कामात कोणी खोट काढली की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुमच्या नाकावरच राग असतो. असेल. पॅटर्न शॉपमध्ये चौदा वर्षं काढलेल्या माणसाच्या नाकावर दुसरं काय असणार? लाकडाचा भुसा आणि राग.

पॅटर्न म्हणजे काय ते लोकांना ठाऊक नसतं. एखाद्या पंपाचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, बाहेरचं घर ओतायचं असेल, तर आधी ते तसंच्या तसं लाकडाचं करावं लागतं. ते वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं, आणि जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं बीड ओतायचं. यातलं लाकडाचं काम आमचं. आता बीड थंड होताना आकसतं, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणून लाकूड तेवढं मोठं करावं लागतं. प्रत्येक मापाला आकडेमोड कोण करत बसणार? त्यामुळे आमची पट्टीच मुळात लांब असते. दिसायला कुठल्याही पोलादी फुटपट्टीसारखी, पण तिचा एक फूट खऱ्या फुटाहून एक सूत मोठा. शॉपमध्ये तिला श्रिंकेज पट्टी म्हणतात. पाठीमागे बारीक अक्षरात तसं कोरलेलं असतं, पण पट्टीची पाठ कोण बघत बसतो?

ही गोष्ट पंचावन्न सालची. आम्ही कल्याणला पारनाक्याजवळ दोन खोल्यांत राहत होतो. मी, माझी बायको मालन आणि माझा धाकटा भाऊ प्रभाकर. फाउंड्री ठाण्याला, माजिवड्याच्या अंगाला. तिथले मॅनेजर साहेब म्हणजे शिस्तीचे गृहस्थ, पण त्यांना एक वेड होतं. लढाईतल्या विमानांच्या लहान प्रतिकृती जमवायचं. त्यांच्या बंगल्यात काचेचं एक मोठं कपाट होतं आणि त्यात अकरा विमानं एका ओळीत ठेवलेली होती. काही विलायतेहून पेटीत घालून आणलेली, काही इथल्या छावण्या उठल्या तेव्हा गोऱ्या शिपायांकडून घेतलेली. सगळी एका मापाची. खऱ्या विमानाच्या एका फुटाला अर्धा इंच. त्या मापात न बसणारं विमान कितीही देखणं असलं तरी साहेब त्याला कपाटात घेत नसत. मला त्यांचा हा एकच गुण मनापासून आवडायचा.

श्रावणात एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि इंग्रजी मासिकातलं एक पान पुढ्यात ठेवलं. त्यावर एका विमानाची तीन बाजूंनी काढलेली चित्रं होती. दोन इंजिनांचं, दोनच माणसांचं हलकं बॉम्बर. पंखाची लांबी चौपन्न फूट. इंग्रजीत त्याला डासाचं नाव होतं. कपाटातली बाराव्या विमानाची जागा रिकामी होती आणि हे विमान कुठं मिळत नव्हतं. मी करून देईन का, असं त्यांनी विचारलं. मग मला नवल वाटावं म्हणून म्हणाले की हे अख्खं विमान लाकडाचं होतं, पातळ फळ्या सरसानं चिकटवून केलेलं. मला काडीचं नवल वाटलं नाही. त्या विमानाच्या लाकडाचं पुराण मी माझ्याच घरात दहा वर्षं ऐकत होतो.

वडिलांनी आम्हा दोघा भावांच्या हातात एकाच दिवशी रंधा दिला. मी दहाचा होतो, प्रभाकर सातचा. बेचाळीस साली तो विमानदलात सुतार म्हणून भरती झाला. मी फाउंड्रीत लढाईच्याच मालाचं काम करत होतो, म्हणून मागं राहिलो. त्याला बंगालमधल्या एका धावपट्टीवर धाडलं. तिथं ही लाकडी विमानं आली आणि त्यांचं लाकूडकाम त्याच्याकडं आलं. उड्डाणाआधी विमान तपासायचं आणि ठीक असेल तर कागदावर सही करायची. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यानं सही करायला नकार दिला. पंखाच्या खालच्या अंगाला, जिथं वरची पातळ फळी आतल्या तुळईला चिकटवलेली असते, तिथं सरस सुटलाय आणि केसाएवढी फट पडलीय, असं त्याचं म्हणणं. वरच्या अधिकाऱ्यानं बत्ती धरून पाहिलं, त्याला काही दिसलं नाही. आणखी दोघांनी पाहिलं, त्यांनाही नाही. हुकूम केला तरी हा सही करीना. शेवटी दुसऱ्यानं सही केली, विमान उडालं आणि दुपारी सुखरूप परत आलं.

हुकूम मोडला म्हणून प्रभाकरला अठ्ठावीस दिवसांची कोठडी झाली आणि मग फौजेतून काढलं. सुटून घरी आला तेव्हा त्याच्या नोकरीच्या पुस्तकात लाल शाईचा शेरा होता. तो शेरा बघून कुठलाही कारखाना त्याला दारात उभा करीना. तेव्हापासून तो विठ्ठलवाडीच्या पलीकडं, कॅम्पात, म्हणजे जुन्या लष्करी छावणीत, राहायला आलेल्या सिंधी मंडळींच्या बराकींना दारं-खिडक्या बसवून देत होता. हाती येईल ते काम, मिळेल तेव्हा. लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी विचारलं, फौजेतून का काढलं? तो खरं सांगायचा, आणि बोलणं तिथंच थांबायचं.

माझा त्याच्यावर विश्वास होता का? नव्हता. तिघांना जे दिसलं नाही ते ह्यालाच कसं दिसलं? त्यामुळे घरात आमची एक ठरलेली थट्टा होती. तो म्हणाला, आमटी आंबलीय, की मी म्हणायचो, विमान परत आलं होतं हो. तो म्हणाला, छत्रीची काडी मोडणार, की मी पुन्हा तेच. मालनला ही थट्टा आवडायची नाही. प्रभाकर मात्र कधी उलट बोलला नाही. नुसता मान खाली घालून जेवायचा, आणि मला वाटायचं, चला, गडी थट्टा सोसायला शिकला.

विमानाचं काम माझ्याकडं आलं त्याच सुमारास शॉपमधले जुने चेकर गोपीनाथराव निवृत्त होणार होते. आमचे पॅटर्न आणि ओतून आलेला माल, दोन्ही तपासून पास-नापास करणं हे त्यांचं काम. साहेबांनी मला विचारलं, "तुमचा भाऊ सुतार आहे ना? त्याची नजर कशी आहे? पुस्तकातल्या शेऱ्याचं मी बघून घेईन. तुम्ही हो म्हणा, मी घेतो. नोव्हेंबर संपायच्या आत सांगा." मी विचार करून सांगतो म्हणालो. घरी आल्यावर प्रभाकरला सांगितलं, तेव्हा त्याच्या हातातला घास तसाच राहिला. दहा वर्षांनी कोणी तरी त्याची नजर कशी आहे असं विचारलं होतं, आणि उत्तर द्यायचं माझ्या हातात होतं.

त्यानंतरचे दोन महिने आमचं घर इतकं सुखात होतं की सांगता सोय नाही. शिवणीचं लाकूड आणलं, हलकं आणि सरळ रेषांचं. मासिकाच्या पानावर मापं होती, पण विमान नव्हतं. विमान प्रभाकरच्या बोटांत होतं. नाकाची काच कुठं वळते, इंजिनाचं पोट पंखाखाली किती उतरतं, शेपटी किती निमुळती होते, हे तो हवेत हात फिरवून दाखवायचा आणि मी आखायचो. धड आम्ही दोघांनी मिळून घडवलं. एरवी मला कोणाचा हात माझ्या लाकडाला लागलेला खपत नाही, पण शेपटी मी त्याच्याकडं सोपवली आणि ती त्यानं माझ्याहून चांगली केली. हे मी त्याला तेव्हा बोललो नाही. मालन म्हणाली, भाऊजी हल्ली पोटभर जेवतात.

खंडेनवमी आली तोवर फक्त पंख आखायचा राहिला होता. सुताराच्या घरात खंडेनवमी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची. करवत, रंधे, पटाश्या, गुण्या, घरातली फुटपट्टी. हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, आणि दसऱ्याच्या दिवशी पूजा उतरेपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वडील गेले तरी हा नेम मालननं माझ्यापेक्षा कडक पाळला. पण त्या संध्याकाळी मला दम निघेना. मी म्हटलं, आखणी म्हणजे काही काम नव्हे, पेन्सिलीला कुठं धार असते? आणि पाटावरची पट्टी उचलायला हात पुढं केला. मालननं माझा हात मधेच धरला. पूजेतली वस्तू उचलायची नाही म्हणजे नाही. मग मी खुंटीवरच्या डगल्याच्या खिशात हात घालून तिथली पट्टी काढली आणि पंख आखून टाकला. देवही राजी, मीही राजी, असं मनाशी म्हटलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

त्या आखणीवरून मग पुढच्या चार रविवारी पंख कापला, रंधला, काचकागदानं घासला. धडात बसवताना खाच जरा घट्ट लागली. मी खाचेतून पटाशीनं थोडं लाकूड काढलं आणि पंख बसवला. खाच लहान झाली असणार असंच धरून चाललो, कारण पंख माझा होता आणि खाच प्रभाकरनं काढली होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी विमान पुरं झालं. रंग वाळला होता, काचेचं नाक चकाकत होतं. शेजारचे विठ्ठलराव आणि त्यांची मंडळी बघायला आली होती. मी एकेक भाग दाखवत होतो आणि लोक वाहवा करत होते. प्रभाकर कामावरून आला, हातपाय धुऊन जवळ आला आणि खाली वाकला. पंखाच्या टोकाशी एक डोळा मिटून त्यानं बघितलं. मग दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. बराच वेळ लावला.

"दादा," तो म्हणाला, "पंख मोठा झालाय. दोन्हीकडं एकेक सूत."

लोकांसमोर म्हणाला. माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. मी हसून विचारलं की मोजमाप न करता तुला सूत दिसतं का? तो म्हणाला की मी दोन वर्षं ह्या पंखाखाली उभा होतो, इंजिनापासून टोक किती लांब दिसतं ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, आणि खिशातून पट्टी काढली. मधल्या रेषेपासून उजवीकडं लावली. साडेतेरा. डावीकडं लावली. साडेतेरा. दोन्ही मिळून सत्तावीस, चौपन्नाच्या बरोबर निम्मे. त्याला मी आकडा मोठ्यानं वाचायला लावला. त्यानं वाचला.

"पट्टी म्हणते ते दिसतंय मला," तो म्हणाला. "तरी मोठा आहे."

तेव्हा मी ते बोललो. दहा वर्षं थट्टेनं बोलत आलो होतो, त्या दिवशी थट्टेनं बोललो नाही. "तेव्हाही तुला अशीच फट दिसली होती. विमान परत आलं ना?" आणि वर म्हटलं की असल्या डोळ्यांचा माणूस चेकर झाला तर फाउंड्रीतला एक नग पास व्हायचा नाही, आणि मी साहेबांना उद्याच नाही म्हणून सांगणार आहे. विठ्ठलरावांची मंडळी चुळबुळ करत उठली. प्रभाकरनं चपला घातल्या आणि बाहेर गेला.

शनिवारी मी विमान खोक्यात घालून ठाण्याला साहेबांच्या बंगल्यावर नेलं. ते इतके हरखले की स्वतः कपाट उघडून त्यांनी ते बाराव्या जागी ठेवलं आणि चार पावलं मागं जाऊन बघत राहिले. मग आठवण होऊन म्हणाले, तुमच्या भावाचं काय ठरलं? मी म्हणालो, साहेब, त्याची नजर जरा जास्तच तीक्ष्ण आहे, जे नसतं तेही त्याला दिसतं, दुसरा कोणी बघा. बोललो आणि चहा प्यायलो. चहा चांगला होता. मला वाईट वाटलं नाही, हे कबूल करायला हवं, कारण मला वाटत होतं मी खरं तेच सांगतोय.

घरी मालन माझ्याशी बोलेनाशी झाली. प्रभाकर रविवारी पहाटेच कॅम्पात निघून गेला. सकाळी चहा ठेवताना भांडी आदळायला लागली तेव्हा मी समजलो की आता काहीतरी निघणार. मी म्हटलं, जे बोलायचं ते बोल. माप सगळ्यांसमोर घेतलं, त्यानं स्वतः वाचलं, अजून काय करायचं होतं मी?

ती चुलीकडं तोंड करूनच म्हणाली, "पंख तुम्ही खंडेनवमीला आखलात. आपली पट्टी तर पूजेत होती. मग आखलात कशानं?"

मी उठून घरातली पट्टी घेतली. डगल्याच्या खिशातली काढली. दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवून एका टोकाला नखानं जुळवल्या. दुसऱ्या टोकाला खिशातली पट्टी एक सूत पुढं गेली होती. ज्या श्रिंकेज पट्टीनं चौदा वर्षं पोट भरलं, ती हाताला इतकी ओळखीची झाली होती की ती साध्या मापाला चालत नाही हे हात विसरून गेला होता. पंख तिनंच आखला आणि शुक्रवारी भावाला खोटं पाडायला मोजलाही तिनंच. वेडावाकडा आरसा घेऊन तोंड बघावं आणि मग त्याच आरशाला साक्षीला बोलवावं, तसली गत. पोरींच्या बापांना दहा वर्षं तो खरं सांगत आला होता, आणि मी साहेबांना एका घोटात खोटं सांगून आलो होतो.

मालननं दोन्ही पट्ट्यांकडं पाहिलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिला कळलं. ती एवढंच म्हणाली की आता इथं बसून काय उपयोग.

रविवारच्या उन्हात मी पुन्हा साहेबांच्या दारात उभा राहिलो. चूक कबूल करायची मला सवय नाही, आणि पहिल्यांदाच करायची ती मॅनेजरसमोर, तीही दिवाणखान्यात पाहुणे बसलेले असताना. मी सगळं सांगितलं. पट्टीचं, पूजेचं, आणि भावानं नुसत्या नजरेनं काय सांगितलं होतं तेही. साहेबांनी विमान बाहेर काढून आपल्या पट्टीनं मोजलं. सव्वासत्तावीसहून थोडं जास्तच भरलं. त्यांनी विमान वर धरलं, खाली धरलं, चष्मा पुसून पुन्हा धरलं.

"मला काहीच फरक दिसत नाही," ते म्हणाले. "राहू द्या असंच. कोणाच्या लक्षात येणार?"

मला त्यांचा राग आला. ज्या माणसानं मापासाठी इतकी विमानं नाकारली, तो असं म्हणतो? मी म्हटलं, साहेब, एकाच्या लक्षात आलंय, मी नवा पंख करून देतो. आणि काल माझ्या भावाबद्दल मी जे बोललो ते मागं घेतो. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. त्यांनी विमान माझ्या हातात दिलं. मग म्हणाले की पट्टीशिवाय ज्याला सूत दिसतं तो माणूस मला हवाच आहे, पहिल्या तारखेपासून पाठवा. मी विमान पुन्हा खोक्यात घातलं, घरी ठेवलं आणि तसाच विठ्ठलवाडीला गेलो.

कॅम्पातल्या एका बराकीत प्रभाकर दार बसवत होता. घरातली माणसं कुठं बाहेर गेली होती, तो एकटाच होता. दार भिंतीला टेकवलेलं आणि तो चौकटीला बिजागरीची जागा कोरत बसलेला. मला बघून त्यानं पटाशी खाली ठेवली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माफीही मागितली, पण मधेच कुठं तरी, घाईघाईनं, म्हणजे ती वेगळी दिसू नये. शेवटी म्हटलं, साहेबांनी तुला घेतलंय. मला वाटलं, आता तरी ह्याच्या तोंडावर काहीतरी दिसेल.

"मी नाही येणार, दादा," तो म्हणाला.

मी विचारलं, का? रागावलास? तो नाही म्हणाला. मग पुन्हा लाकूड कोरायला लागला.

"त्या सकाळी विमान उडालं ना, तेव्हा मी धावपट्टीच्या कडेला उभा होतो. दुपारपर्यंत तिथंच. पहारेकऱ्याला वाटलं, मी देवाचा धावा करतोय. मी ते पडायची वाट बघत होतो. आत दोन पोरं होती. त्यातल्या एकाला सकाळी मीच चहा दिलेला. तरी मला वाटत होतं, पडावं. म्हणजे मग कळेल सगळ्यांना."

त्यानं पटाशीवरचा भुसा फुंकला.

"परत आलं तेव्हा मी रडलो. ते बघून म्हणाले, भित्रा आहे. कोठडी झाली ती मी त्या वाट बघण्याचीच समजून भोगली. म्हणून कुठं दाद मागितली नाही. चूक निघावी असं ज्याच्या मनात येतं, त्याला तपासायला बसवू नये, दादा. तू साहेबांना नाही म्हणालास ते बरोबर होतं."

विमान परत आलं होतं. आमटीवरून, छत्रीवरून, कशावरूनही मी त्याला हे ऐकवत आलो होतो. मला वाटत होतं, मी त्याच्या फटीची थट्टा करतोय. आणि तो दर वेळी मान खाली घालून त्या धावपट्टीच्या कडेला जाऊन उभा राहत होता. मला त्या बराकीत उभं राहवेना. मी उंबरठ्यावर बसलो.

बसल्यावर शुक्रवारची संध्याकाळ आठवली. खिशातून पट्टी काढताना माझ्या मनात काय होतं ते आठवलं. माप बरोबर यावं असं नव्हतं मनात. हा खोटा ठरावा, असं होतं. आणि ते शुक्रवारचंही नव्हतं. पंचेचाळीस साली तो पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहिला, तेव्हापासूनचं होतं. तो लढाईवर गेला होता आणि मी घरी राहिलो होतो. तो शहाणा आणि धीट ठरला असता तर मी कोण ठरलो असतो? म्हणून फट नसलेलीच मला बरी होती. हे मी स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली ती परक्याच्या उंबरठ्यावर.

मी त्याला ते सांगितलं. जसं आठवलं तसं, काही न वगळता. "तुझं एका दुपारपुरतं होतं," मी म्हणालो, "आणि विमान दिसल्यावर तू रडलास तरी. माझं दहा वर्षं चाललं होतं आणि मी रोज हसत होतो."

तो उठला, दार उचललं आणि मला म्हणाला, धर. मी उठून दार धरलं. त्यानं वरची बिजागरी लावली, मग खालची. दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, एक डोळा मिटून कडेनं नजर फिरवली, आणि खालच्या कोपऱ्यातून रंध्याचा एक पातळ छिलका काढला. मला तिथं काहीच दिसलं नव्हतं.

हत्यारं गोळा करता करता त्यानं विचारलं, "तुझं हे साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग माझंही नको सांगूस," तो म्हणाला. "पहिली तारीख कधी आहे?"

"गुरुवारी," मी म्हणालो.